फळाला साल असते

वाण कशाला म्हणायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

संक्रांतीला आमच्या औशात सुगडं भरतात. बोरं, उसाचे कांडे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, तीळ. बाई बाईला वाण देते, अन् दुसरीचं घेते. दोन्हीकडून झालं तरच ते वाण. एकाच बाजूनं आलं तर त्याला दुसरा शब्द आहे. भीक.

आमच्या माय-आज्यांच्या पदरातही बोरं पडली. पडली म्हणतो मी, दिली म्हणत नाही. हात वर, पदर खाली, मधे वीतभर अंतर. त्यांचं सुगड उलटून कुणाच्या ओसरीवर गेलं नाही. जाणार कसं? बोरीचं झाड बांधावर, अन् बांध दुसऱ्याचा. येळवशीचंही तेच. शेतवाला आंबील प्यायला बोलावतो. ज्याला शेतच नाही त्यानं कुणाला कुठं बोलवावं?

हक्क म्हंजे वाण नव्हे. १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, मग जळालेली घरं, पोचिराम कांबळेंचा जीव. अन् १४ जानेवारी १९९४ ला, ऐन संक्रांतीला, मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. ते कुणी पदरात टाकलं नाही, लढून घेतलं. फळाचं तसं नाही. फळासाठी मोर्चा निघत नाही. ते मनानंच द्यावं लागतं.

१४ एप्रिलला आपली पोरं सरकारी दवाखान्यात केळी वाटतात. खाटेवरचा पेशंट जात न विचारता घेतो. पिढ्यान् पिढ्या खाली असलेला हात वर आला. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण दोन गोष्टी सलतात.

एक. केळ्याला साल असते. शिजल्या अन्नाला विटाळ लवकर चिकटतो, आख्ख्या फळाला कमी, हे जातीचं जुनं शास्त्र. म्हणून केळं घेतलं एवढ्यावर समता आली, असं मी मानत नाही. तोच माणूस बरा होऊन आपल्या घरी भाकर खाईल का? परीक्षा चुलीपाशी आहे.

दुसरी गोष्ट आपल्यालाच टोचणारी. केळं एक, धरणारे हात आठ, तोंडं सगळी फोटोवाल्याकडं. खाटेवरचा माणूस त्यात कुठं आहे? वरून द्यायची ही रीत आपण कुणाकडून शिकलो?

मित्रांनो, केळी वाटा. पण खाटेपाशी टेकून बसा, चार शब्द बोला. अन् त्या म्हातारीनं उशाखालचं बोर काढून पुढं केलं, तर घ्या. देण्याचा हक्क तिलाही आहे. आपल्या मायला तो कुणी दिला नव्हता.