अक्षराचे पापपुण्य

मजकूर संपला आणि पानाचा खालचा भाग रिकामा राहिला, तर जुना मुद्रक तेथे एक फूल बसवीत असे. फूल म्हणजे शिशाचाच खिळा. अक्षरांच्या खिळ्यांसारखाच ओतलेला आणि त्यांच्याच शेजारच्या खणात ठेवलेला. ह्या फुलाला उच्चार नाही, अर्थ नाही, व्याकरणात जागा नाही. तरीही ते नसते तर पान ओकेबोके दिसले असते. लग्नपत्रिकेच्या कडेची वेल किंवा दिवाळी अंकातल्या कवितेखालची पणती ही त्याच कुळातली.

आता ह्यात नीतिअनीतीचा प्रश्न कोठून आला, असे वाचक विचारतील. आपल्याकडे तो फारसा आला नाही. जर्मनीत मात्र तो आला, आणि असा आला की त्याने माणसांना देशोधडीला लावले. फूल घालणारा मागासलेला, फूल काढून टाकणारा देशद्रोही, अमुक वळणाचे अक्षर राष्ट्रीय, तमुक वळणाचे परकीय, असे आरोप त्या देशाने एकाच शतकात उलटसुलट करून पाहिले. अक्षराच्या आकाराला पापपुण्य लागते काय, हा प्रश्न कोणाला गंमतीचा वाटेल. तेथे तो गंमतीत विचारला गेलेला नाही.

आरंभापासून पाहू. गुटेनबर्गने सुमारे १४५५ साली आपले प्रसिद्ध बायबल पुरे केले, तेव्हा प्रकरणांची मोठी आद्याक्षरे त्याने छापली नाहीत. त्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या, म्हणजे चित्रकाराने त्या हाताने भराव्यात. दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १४५७ रोजी, माइन्त्स शहरात स्तोत्रांचे एक पुस्तक निघाले. त्यात ही आद्याक्षरे लाल आणि निळ्या रंगांत वेलबुट्टीसह छापलेली आहेत. अक्षराचा ठसा वेगळा, भोवतीच्या वेलीचा वेगळा. दोहोंना निरनिराळी शाई लावायची, एकमेकांत बसवायचे आणि मग कागदावर दाब द्यायचा. पाच शतके उलटून गेली तरी ती वेल डोळ्यांना सुख देते. पुस्तकाच्या शेवटी छपाईची तारीख आणि मुद्रकांची नावे आहेत, आणि अशी नोंद असलेले युरोपातले हे पहिलेच छापील पुस्तक. त्या नोंदीतच ‘स्तोत्र’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दातली दोन अक्षरे उलटसुलट पडली आहेत! वह्या तपासण्यात जन्म घालवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ह्याचा किती आनंद होतो म्हणून सांगू.

परंतु त्या नोंदीत गुटेनबर्गचे नाव नाही. नावे आहेत ती योहान फुस्ट आणि पेटर शॉफर ह्यांची. फुस्ट हा गुटेनबर्गचा सावकार. कर्ज थकले म्हणून त्याने १४५५ साली फिर्याद केली आणि छापखान्याचे सामान आपल्या ताब्यात घेतले. शॉफर हा गुटेनबर्गच्याच हाताखालचा माणूस, पुढे फुस्टचा जावई. एवढी सुंदर वेल एका उपऱ्या झालेल्या कारागिराच्या कारखान्यावर फुलली. वेलीकडे पाहताना हे आठवावे की नाही? मला वाटते, आठवावे. पण वेलीवर राग काढू नये.

पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी बादशहा मॅक्समिलियन ह्याच्या पदरच्या लोकांनी एक नवे वळण सिद्ध केले. १५१७ साली ‘थॉयरडांक’ नावाचा त्याचा काव्यग्रंथ त्या वळणात निघाला. त्याच्या अक्षरांना ओळीच्या वर आणि खाली असे लांबलचक गिरक्या घेणारे फाटे आहेत, की हे खिळ्यांनी जुळवलेच नसेल, लाकडावर कोरले असेल, अशी शंका पुढच्या लोकांना आली. ह्या वळणाचे नाव फ्राक्टूर, म्हणजे तुटलेले. लेखणी प्रत्येक वळशाला तुटते, कोपरा करते. आपल्या मोडीच्या नावाचा उलगडाही पुष्कळजण असाच करतात. लेखणीची चाल पाहून माणसे सगळीकडे सारखीच नावे ठेवतात की काय कोण जाणे. फ्राक्टूरचीच एक थोडी जुनी, गोलसर बहीण म्हणजे श्वाबाखर. लूथरने भाषांतरलेला नवा करार १५२२ साली विटेनबर्गला छापला गेला तो श्वाबाखर अक्षरांत.

बाकीचा युरोप हळूहळू गोल, लॅटिन वळणाकडे वळला; जर्मन घरांतून फ्राक्टूर राहिले. ते केवळ अक्षर राहिले नाही, आईच्या आवाजासारखे झाले. महाकवी गटे ह्याच्या आईने १७९४ साली मुलाला पत्र लिहून कळवळून विनविले, की तुझी पुस्तके त्या लॅटिन अक्षरांत कधी छापू देऊ नकोस. म्हातारीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. साध्यासुध्या माणसांना जे वाचता येते ते सोडून मुलगा विद्वानांच्या अक्षरांत गेला, तर तो आपल्याला परका होईल, ही भीती त्यात आहे.

आता १९२३ साल. लाइप्झिग शहरातल्या एका पाट्या रंगवणाराचा मुलगा, यान चिखोल्ड, एकवीस वर्षांचा, वायमार येथे बाउहाउस नावाच्या कलाशाळेचे प्रदर्शन पाहावयास गेला आणि पार बदलून आला. लहानपणापासून त्याने सुलेखन गिरवलेले, जुन्या मुद्रकांच्या पानांवर जीव लावलेला. त्याने हे सारे टाकून दिले. १९२८ साली त्याचे ‘नवी मुद्रणकला’ हे पुस्तक निघाले. फूल नको, वेल नको, पानाच्या मध्यभागी तोललेली शीर्षके नकोत. फाटे-टोके नसलेले, एकसारख्या जाडीचे अक्षर हेच ह्या यंत्रयुगाचे अक्षर, असा त्याचा हुकूम. बाउहाउसवाल्यांनी तर १९२५ पासून मोठी लिपी आणि लहान लिपी हा भेदच सोडला आणि सगळे लहान लिपीत लिहू लागले. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. तेव्हा हा केवढा अधर्म, ते वाचकांनी ताडावे. ह्या तरुणांची भावना अशी होती की सजावट म्हणजे सरंजामी थाट, तो गेला की माणसे सरळ होतील. पहिल्या महायुद्धाच्या राखेत उभ्या असलेल्या पिढीला असे वाटले ह्यात नवल नाही.

१९३३ साली हिटलर आला. बाउहाउस बंद पडले. चिखोल्डला अटक झाली, काही आठवडे तो कैदेत होता आणि सुटताच बायकामुलासह स्वित्झर्लंडला निघून गेला. इकडे फ्राक्टूरचा जयजयकार सुरू झाला. ‘टानेनबर्ग’, ‘नाट्सिओनाल’ अशी रणभूमीची आणि राष्ट्राची नावे दिलेली नवी ठसठशीत अक्षरे ओतली गेली. त्यांत जुन्या फ्राक्टूरचा नाजूक फाटा उरला नव्हता, नुसते उभे दांडे. खिळे जुळवणाऱ्यांनी त्यांचे नाव पाडले ‘लष्करी बुटांची अक्षरे’. छापखान्यातल्या माणसाची नजर अशी असते.

आणि मग ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या सहीने एक परिपत्रक निघाले. त्यात म्हटले होते की ही तथाकथित जर्मन अक्षरे जर्मन नव्हेतच, ती ‘श्वाबाखर-यहुदी अक्षरे’ आहेत. यापुढे सर्वत्र लॅटिन वळण वापरावे. इतिहासात ह्याला काडीचा आधार नाही. खरे कारण बहुधा एवढेच, की जिंकलेल्या देशांतल्या लोकांना फ्राक्टूरमधले हुकूम वाचता येत नव्हते. म्हणजे लूथरच्या नव्या कराराचे अक्षर एका सहीसरशी यहुद्यांचे ठरले. गंमत अशी की त्या परिपत्रकाच्या माथ्यावरचे पक्षाचे नाव फ्राक्टूरमध्येच छापलेले होते.

शाळांतून जुने हस्ताक्षरही गेले. आज जर्मनीत आजोबांची पत्रे वाचून घ्यावयास जाणकाराकडे जावे लागते. मोडी शाळेतून गेल्यावर आपल्या घरांतल्या दप्तरांचे काय झाले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे निमित्त मात्र एका खोट्या आरोपाचे होते.

युद्ध संपले. चिखोल्डने स्वित्झर्लंडमध्ये बसून आपलेच मत तपासले. जुनी मध्यभागी तोललेली शीर्षके, जुनी अक्षरे, प्रसंगी एखादे फूलही त्याने परत आणले. त्यावर माक्स बिल ह्या बाउहाउसच्या जुन्या विद्यार्थ्याने १९४६ साली त्याच्यावर जाहीर टीका केली: हा फितूर झाला, प्रगतीला पाठमोरा झाला. चिखोल्डने उत्तर दिले ते अंगावर काटा आणणारे आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की नव्या मुद्रणकलेतला तो असहिष्णू हट्ट, सगळे एका नियमात बसवण्याची ती लष्करी हौस, आणि हिटलरला सत्तेवर आणणारी वृत्ती, ह्यांचे नाते आहे.

मला हे उत्तर पटत नाही, आणि तरी त्या माणसाविषयी आदर वाटतो. पटत नाही, कारण हिटलरने आधी वेलीचे अक्षर डोक्यावर घेतले आणि पुढे तेच पायदळी तुडवले. त्याला दोन्ही चालत होती. आदर वाटतो, कारण ज्या मतापायी कैद भोगली त्याच मताच्या मुळाशी हात घालून पाहणे सोपे नसते. पुढे १९४७ ते १९४९ ह्या काळात इंग्लंडातल्या पेंग्विन प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांना त्याने जी शिस्त आणि जे रूप दिले, ते पाहिले की हा माणूस शेवटी वाचकाचा होता हे कळते.

तर मग आकार निर्दोष, माणूस तेवढा दोषी, असे म्हणून मोकळे व्हावे काय? मीही तसे म्हणून मोकळा झालो असतो. पण बुखेनवाल्डचे फाटक आडवे येते.

वायमार हे गटे आणि शिलरचे गाव. त्याला लागून असलेल्या एटर्सबर्ग टेकडीवर १९३७ साली बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली. तेथे सुमारे ५६,००० माणसे मेली. तिच्या लोखंडी फाटकात ‘येडेम दास झाइने’ अशी अक्षरे आहेत: ज्याचे त्याला. हे वचन मुळात रोमन न्यायशास्त्रातले, प्रत्येकाला त्याचा न्याय्य वाटा मिळावा ह्या अर्थाचे. ह्याच वायमारमध्ये १७१५ साली बाखने ह्या शब्दांनी आरंभ होणारे भजन संगीतबद्ध केले होते. छावणीत ते शब्द कैद्यांच्या छळासाठी लावले गेले. अक्षरे बाहेरून येणाऱ्यासाठी नाहीत. आत हजेरीच्या मैदानात उभ्या असलेल्या कैद्याला वाचता यावीत अशी आत तोंड करून बसवली आहेत.

ती अक्षरे काढली फ्रांत्स एर्लिखने. जन्म १९०७, लाइप्झिगचा, बाउहाउसचा विद्यार्थी, कम्युनिस्ट म्हणून पकडलेला, आणि १९३७ पासून बुखेनवाल्डचा कैदी. १९३८ साली त्याला हुकूम झाला. त्याने काय केले? नाझींनी ज्या शाळेला हाकलून दिले त्याच शाळेच्या वळणाची, स्वच्छ, डौलदार, आजही सुंदर दिसणारी अक्षरे काढली. पहारेकऱ्यांना ते उमगले नाही.

कोणी म्हणतात, हा गुप्त निषेध होता. ज्यांना वळण ओळखता येईल त्यांना त्याने आतल्या आत सांगितले, की हे वाक्य एक दिवस हुकूम देणाऱ्यांवरच उलटेल. कोणी म्हणेल, जीव वाचवण्यासाठी कसबी माणसाने कसब विकले. १९३९ साली त्याची सुटका झाली, तरी पुढे काही काळ तो त्याच बांधकाम-कचेरीच्या कामावर राहिला, हेही खरे आहे. मला तिसरेच वाटते. ज्याचा हात वर्षानुवर्षे नेटके अक्षर काढावयास शिकला, त्याला वाईट अक्षर काढता आलेच नसते. आणि नेमके हेच भयंकर आहे. पहाटेच्या थंडीत उभ्या असलेल्या माणसाला ती अक्षरे बेढब असती तर थोडे तरी बरे वाटले असते का? की सुंदर होती म्हणून, कोणीतरी आपल्यासाठी जीव ओतून काम केले आहे असे वाटले असेल? घरी बसून ह्याचा निवाडा देणाऱ्यांचा मला राग येतो. तरीही एक गोष्ट निसटत नाही: एर्लिखने ती अक्षरे काढताना वाक्य वाचले होते. अक्षर घडवणारा हा मजकुराचा पहिला वाचक असतो. खिळा उलटा असतो, डावीकडचे उजवीकडे दिसते, तरी जुळवणारा वाचतोच. मी काय जुळवतो आहे ते मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय त्या धंद्यात नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाला म्युनिकमधली काही पत्रके आहेत. हान्स आणि सोफी शोल ही उल्मची भावंडे आणि त्यांचे सोबती ह्यांनी १९४२ आणि १९४३ मध्ये हिटलरविरुद्ध सहा पत्रके काढली. टाइपरायटरवर लिहिलेली, हाताने चालणाऱ्या यंत्रावर प्रती काढलेली, दाटीवाटीची अक्षरे. पहिल्या चार पत्रकांच्या माथ्यावर ‘पांढरा गुलाब’ एवढे शब्द होते; फुलाचे नाव होते, फूल नव्हते. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात पत्रके टाकताना दोघे पकडले गेले आणि २२ तारखेला त्यांचा शिरच्छेद झाला.

त्यांची बहीण इंगे आणि तिचा नवरा ओट्ल आयखर ह्यांनी माक्स बिलला बरोबर घेऊन, भावंडांच्या स्मृतीसाठी, उल्मला १९५३ साली एक शाळा काढली. ती देशभक्तीची किंवा राजकारणाची शाळा नव्हती, तर खुर्ची, दिवा, फलक, अक्षर कसे असावे हे शिकवणारी होती. पुन्हा फूल नाही, वेल नाही; लहान लिपी आणि सरळ रेघ. पण चिखोल्डच्या तारुण्यातला हुकूम येथे प्रश्न झाला होता: हे कोण वाचणार, कोठे उभा राहून, कशासाठी? १९६२ साली आयखर आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या गटाने लुफ्तान्सा ह्या विमानकंपनीसाठी अक्षरांची आणि रंगांची सबंध योजना आखली. ती पुष्कळ वर्षे चालली. त्याच सुमारास आपले सुधाकर नाडकर्णी तेथे विद्यार्थी होते; परत आल्यावर १९६९ साली पवईच्या आय.आय.टी.त त्यांनी अशाच शिक्षणाचे केंद्र उभे केले, आणि पुढे र. कृ. जोशींनी तेथे देवनागरीचा ध्यास मुलांना लावला. उल्मची शाळा मात्र १९६८ साली बंद पडली.

लाइप्झिगची जुनी कलाशाळा, जिच्यात चिखोल्ड शिकला, ती अजून चालू आहे. तेथे मुले शिशाचे खिळेही हाताळतात आणि संगणकावर अक्षरेही आखतात. फ्राक्टूर आता कोणाला शपथेवर नको आहे असे नाही. पण बिअरच्या बाटलीवर ते चालते आणि सभेच्या फलकावर दिसले की लोक दचकतात. ज्या अक्षराला हिटलरनेच यहुदी म्हणून हाकलले ते आज हिटलरचे म्हणून ओळखले जाते. बिचाऱ्या गटेच्या आईला हे कोणी समजावून सांगावे?

म्युनिकच्या विद्यापीठासमोर, शोल भावंडांचे नाव दिलेल्या चौकात, जमिनीच्या फरसबंदीत ती पत्रके भाजलेल्या मातीत घडवून बसवली आहेत. टाइपरायटरची तीच दाट अक्षरे, वेडेवाकडे पडलेले कागद. नव्याने येणाऱ्याला ते आताच कोणाच्या हातून सांडले आहेत असे वाटावे. वाचायचे तर मान खाली घालावी लागते, आणि तास चुकू नये म्हणून धावणारी मुले त्यांच्यावरूनच वर्गात जातात.