हातांची विद्या

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईच्या माकडहाडावर एक जखम झाली. आणि ती मी केली. माझे तिच्यावर प्रेम नव्हते असे नाही. प्रेम होते म्हणूनच मी तिला हलवीत नसे! नव्वदीला टेकलेली बाई, नुकता कुठे डोळा लागलेला, कशाला उठवा? सानपाड्याच्या आमच्या घरात लोकलचा खडखडाट ऐकू येतो. त्याने ती जागी होऊ नये म्हणून मी खिडकीही लावून घेई. ती तासन् तास उताणी पडून राही, आणि मी पुत्रधर्म पाळल्याच्या समाधानात वर्तमानपत्र वाचीत बसे.

पुढे घरी निभेना, म्हणून तिला जवळच्याच एका वृद्धाश्रमात ठेवले. तेथल्या विशीतल्या मुलीने जखम पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "काका, दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती. एकाच जागी दाब राहिला की तिथे रक्त पोचत नाही."

मी खजील झालो. मायेलाही शिकावे लागते, हे मला साठी उलटल्यावर कळत होते.

सेवा ही वृत्ती आहे, ती अंगीच असावी लागते, असे आपण मानतो. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि पुढे तेथून स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. आज रुग्णालयात आपण शिकलेली परिचारिका मागतो, पण म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवायच्या बाईबद्दल एवढेच विचारतो, "स्वभावाने कशी आहे?" रिक्षा चालवायला परवाना लागतो, आईला उचलायला मात्र नुसते दोन हात पुरतात!

कायदाही येथे अडखळला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा, ही कल्पना आहे. आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरविणारे दुरुस्ती-विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले.

कुणी म्हणेल, शिक्षणाने माणूस कोरडा होतो. होतो कधी कधी. प्रमाणपत्र भिंतीवर आणि पेशंटच्या तोंडाकडे लक्ष नाही, अशीही माणसे मी पाहिली आहेत. पण आंधळ्या मायेने केलेली जखम कोरड्या हाताने केलेल्या जखमेपेक्षा कमी दुखत नाही. शिवाय शिकलेल्या हातांचे मोल द्यावे लागते. सेवेला पवित्र म्हणणे स्वस्त असते. तिला विद्या म्हटले की पगार वाढवावा लागतो. आपली खरी अडचण तेथेच तर नसेल?

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी आश्रमात गेलो. ती मुलगी आईला खुर्चीत बसवून तेल लावीत होती. जखमेच्या जागेला चुकूनही धक्का लागत नव्हता. मग तिने कोपर बुडवून पाण्याची ऊब पाहिली आणि वाकून विचारले, "आजी, घालू का पाणी?"

आईने मान हलविली, तेव्हाच पहिला तांब्या पडला.

मी इतकी वर्षे आईला न्हाऊ घातले. तिला विचारावे, हे मला कधी सुचलेच नव्हते.