रमा मोठी होईपर्यंत



'उंच माझा झोका' ही मालिका मला अतिशय आवडली होती, आणि ते सांगताना आजही थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या अवघडलेपणाविषयीच आज बोलावं असं मनात आहे.

2012 च्या मार्चमध्ये झी मराठीवर ती सुरू झाली आणि 2013 पर्यंत चालली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई रानडे यांच्या सहजीवनाची ही कथा. दिग्दर्शन विरेन प्रधान यांचं. विक्रम गायकवाड माधवराव, म्हणजे न्यायमूर्ती रानडे, झाले होते, छोटी रमा तेजश्री वालावलकरने साकारली, मोठी रमा स्पृहा जोशीने. मालिकेच्या वेळेला कुणाचा फोन आला तरी घ्यावासा वाटत नसे, असं सांगणारे कितीतरी लोक मला भेटले आहेत. सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली येतो. मालिकेत वेळ घालवला, याचा तो संकोच असतो. मला त्या वेळेची खंत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी एखादी गोष्ट ऐकावीशी वाटते, कीर्तनाला बसणाऱ्या आपल्या पणजीलाही तशी ती वाटत होती.

आणि त्या गोष्टीत काय नव्हतं! चौसोपी वाडा, माजघरातला अंधार, समईचा उजेड, नऊवारीतल्या बायकांची लगबग. पण या सगळ्याहून मोठं आकर्षण होतं ते संयमाचं. थोरांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत. सगळा दिवस असा मुका जायचा आणि रात्री माडीवरच्या खोलीत पाटी-पेन्सिल घेऊन दोघं बसायची. प्रेम दाखवायला तिथे एक पाटी पुरत होती. आजच्या काळात, जिथे सगळं बोलून, दाखवून, कळवून झालेलं असतं, तिथे या न बोलण्याची ओढ वाटावी यात नवल नाही. कुणीतरी आपल्याकडे इतक्या निवांतपणे लक्ष द्यावं, आपल्याला येत नाही ते न रागावता शिकवावं, ही फार खोल भूक आहे. त्या मालिकेने ती जागी केली.

मग अवघडायचं कशाला?

मालिकांच्या भाषेत एक शब्द आहे, 'लीप', म्हणजे कथेतली मधली वर्षं ओलांडून पुढे जाणं. छोटी रमा जाऊन मोठी रमा येणार, याची घराघरांत वाट बघितली जात होती. मीही बघत होते. छोटी रमा गोड होती, तिचे भाबडे प्रश्न आवडत होते, पण मनातून हवी होती ती प्रेमकथा, आणि प्रेमकथा रमा मोठी झाल्याशिवाय सुरू होणार नव्हती. म्हणजे एका लहान मुलीचं लग्न झालेलं मला दिसत होतं, आणि त्याचा सल वाटण्याऐवजी मी ती मोठी होण्याची वाट बघत होते. हे जेव्हा लक्षात आलं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं.

प्रत्यक्षात घडलं ते असं. 1873 साल. माधवराव 31 वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी वारली होती. विधवाविवाहाच्या चळवळीत ते अग्रभागी होते, त्यामुळे आता ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. नेमकी हीच भीती त्यांच्या वडिलांना होती. वडिलांनी घाईने लग्न ठरवलं, माधवरावांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. वधू होती देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी, वय वर्षं 11, अक्षरओळख नाही. या लग्नाबद्दल माधवरावांना त्यांच्या काळात पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं.

लग्न झालं त्या रात्रीची हकिकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. माधवरावांनी तिला विचारलं, मी कोण, माझं नाव काय, तुला ठाऊक आहे का. मग लिहिता-वाचता येतं का, ते विचारलं. येत नव्हतं. तेव्हा पाटी आणून तिथेच अक्षरं शिकवायला सुरुवात झाली. ही हकिकत मला दोन तऱ्हांनी दिसते. एका 11 वर्षांच्या मुलीला त्या रात्री पाटी मिळाली, हे तिचं भाग्य. आणि ते भाग्य ठरावं, अशी त्या काळातल्या मुलींची अवस्था होती.

कागदावर 11 हा आकडा आपण सहज ओलांडतो. पडद्यावर तसं करता येत नाही. परकर-पोलक्यातली एक पोर, शेजारी पगडी घातलेला भारदस्त पुरुष, आणि ती त्याच्या कमरेच्या थोडी वर लागते. मालिकेने हे झाकलं नाही, याचं श्रेय तिला द्यायला हवं. झाकलं ते आपण, आपल्या उत्सुकतेने.

त्याच काळात मुंबईत आणखी एक मुलगी होती. तिचंही लग्न 11 व्या वर्षी झालं. रखमाबाई. तिने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, खटला उभा राहिला, आणि 1887 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढे ती डॉक्टर झाली. मुलीच्या संमतीचं वय 10 वरून 12 वर नेणारा कायदा 1891 मध्ये आला, तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं होतं! रानडे कायद्याच्या बाजूने होते. स्वतःच्या घरात जे घडून गेलं, ते दुसऱ्याच्या घरात घडू नये म्हणून उभं राहणं सोपं नसणार.

घरातल्या बायकांविषयीही बोललं पाहिजे. रमा शिकते म्हणून तिला टोमणे मारणाऱ्या, अबोला धरणाऱ्या. ती इंग्रजी शिकू लागल्यावर तर त्यांचा राग फारच वाढला. पडद्यावर त्यांचा आपल्याला संताप येतो, कथेला तो हवाही असतो. पण ज्यांच्या हातात कुणी कधी पाटी दिली नाही, त्या या बायका. नव्या सुनेला मिळणारं काहीतरी आपल्याला मिळालं नाही, हे त्यांना रोज समोर दिसत होतं. आणि माधवराव? त्यांनी रमेला सहन कर, उलट बोलू नकोस, असं सांगितलं. मालिकेत ही त्यांची सौम्यता वाटते, आणि ती होतीही. पण माझ्या मते त्या सौम्यतेची किंमत माजघरात दिवसभर रमाबाईंनी मोजली.

इतकं कळल्यावर ती प्रेमकथा मला नकोशी झाली का? नाही झाली. कारण प्रेम होतं, आणि ते रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात आहे. माधवराव 1901 मध्ये गेले, पुस्तक 1910 मध्ये आलं. त्यातला कलकत्त्याचा भाग मला सगळ्यात आवडतो. सरकारी समितीच्या कामासाठी माधवराव 1886 मध्ये तिकडे गेले होते. दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. आम्हाला बंगाली येत नाही, असं म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठवलं. ज्या गावात राहतो तिथली भाषा येत नाही, हे सांगायची माधवरावांना मात्र लाज वाटली. त्यांनी बंगाली पुस्तकं आणली. सकाळी न्हावी हजामतीला येई, तेव्हा हे पुस्तक वाचणार आणि न्हावी अडलेले शब्द सांगणार. रमाबाईंनी थट्टा केली की हे चांगले गुरू मिळाले. त्यावर माधवरावांनी त्यांना दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. मग ते स्वतः शिकलेलं त्यांना शिकवू लागले.

पहिल्या रात्रीची 11 वर्षांची घाबरलेली मुलगी कुठे, आणि नवऱ्याची अशी थट्टा करणारी ही चोविशीतली बाई कुठे! मधली तेरा वर्षं त्यांना लीप घेऊन ओलांडता आली नव्हती. त्यातला प्रत्येक दिवस त्यांनी काढला होता.

नवरा गेल्यावरची त्यांची 23 वर्षं तर मला याहून मोठी वाटतात. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विधवा, सवाष्णी, ज्यांना कुणी शिकवलं नव्हतं अशा बायका तिथे शिकायला येऊ लागल्या. पुढे पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण मुलांपुरतंच ठेवायचा घाट घातला गेला, तेव्हा मुलींच्या बाजूने रमाबाई उभ्या राहिल्या, बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. केवळ त्या वर्षांची, त्या वयातल्या रमाबाईंची मालिका कुणीतरी करावी, असं मला मनापासून वाटतं.