उत्तरायणाची वाट आणि अखंड स्मरण

एका सद्गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री डिसेंबर २०२० च्या आरंभी, कृष्णपक्षात, रात्रीच्या समयी निवर्तल्या. जन्मभर त्यांच्या मुखी भगवन्नाम होते. पुढे त्याच महिन्याच्या २१ तारखेस सूर्य उत्तरेकडे वळला आणि त्या सायंकाळी पश्चिम आकाशात गुरू व शनी जणू एका ज्योतीसारखे दिसले. सांत्वनास आलेले एक आप्त बोलून गेले, "पंधरा दिवस आणखी निभावले असते, तर उत्तरायण साधले असते. आता गती कशी लाभणार? त्यात ही युती मकरेत, घराला जपा." त्या दिवसापासून पुत्राच्या अंतःकरणात शल्य रुतून बसले. अशी शल्ये कित्येक घरांत मुकाट्याने वागविली जातात. यास्तव या विषयाचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

प्रथम गणित पाहू. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे सूर्य २१ वा २२ डिसेंबरला दक्षिणेची परमसीमा गाठून परत फिरतो. हे दृश्य उत्तरायण होय. आपली बहुतेक पंचांगे मात्र राशी नक्षत्रांच्या आधारे मोजतात. त्या मानाने सूर्याचा मकरप्रवेश १४ वा १५ जानेवारीस होतो. अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास ही दोन्ही एकत्र होती. आज त्यांत सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितले आहे. वराहमिहिरांच्या काळी ते मकरारंभी आले होते. त्यांनी हा भेद प्रांजळपणे नमूद केला आणि प्रत्यक्ष वेध घेऊन निर्णय करावा, असे सांगितले. मग त्या मातोश्रींना पंधरा दिवस कमी पडले म्हणावे की चाळीस? मोजणीच्या पद्धतीनुसार जी तिथी बदलते, तिच्यावर जीवाची सद्गती टांगून ठेवणे कितपत युक्त?

कोणी म्हणेल, गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंतांनीच अग्नी, ज्योती, दिवस, शुक्लपक्ष आणि उत्तरायणाचे सहा मास यांचा मार्ग वर्णिला आहे. हे खरे. परंतु वेदान्ताचार्यांच्या निर्णयानुसार ही पदे जीवाला पुढे नेणाऱ्या देवतांची वाचक आहेत, केवळ घटिकांची नव्हेत. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात हाच प्रश्न घेऊन, दक्षिणायनात देह ठेवणाऱ्या उपासकासही विद्येचे फळ मिळतेच, असा सिद्धान्त केला आहे. आणि भगवंतांचे वचन तरी कोठे संपते? हे दोन मार्ग जाणणारा योगी मोहित होत नाही, म्हणून अर्जुना, सर्व काळी योगयुक्त हो, हा तेथील उपसंहार आहे. त्याच अध्यायात आधी, सर्व काळी माझे स्मरण कर आणि युद्धही कर, अशी आज्ञा आहे. अमुक मुहूर्त गाठ, असे भगवंत म्हणाले नाहीत. अंतकाळ कोणत्या क्षणी येईल हे आपल्या हाती नाही. म्हणूनच प्रत्येक क्षण स्मरणाने भरावयाचा आहे.

मग पितामह भीष्म का थांबले? श्रीशंकराचार्य याच सूत्रावरील भाष्यात सांगतात की, शिष्टाचाराचे पालन व्हावे आणि पित्याच्या प्रसादाने लाभलेले इच्छामरण प्रकट व्हावे, म्हणून. शिवाय शरशय्येवरील ते दिवस त्यांनी कसे घालविले, हे पाहावे. बाणांनी विंधलेल्या देहाने त्यांनी युधिष्ठिराला राजधर्म, मोक्षधर्म, दानधर्म सांगितला. विष्णुसहस्रनाम त्याच शय्येवरून जगाला मिळाले. त्यांच्या दृष्टीसमोर सूर्याहूनही अधिक श्रीकृष्ण होते.

आता ग्रहयोगाविषयी. फेब्रुवारी १९६२ मध्ये ३ ते ५ तारखांना सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र आले. त्या अष्टग्रहीने साऱ्या देशात भय पसरले. प्रलयाच्या वार्ता उठल्या, गावोगावी यज्ञ झाले. तिथी आली आणि गेली. पृथ्वी नित्याप्रमाणे फिरत राहिली. २०२० च्या युतीत गुरू-शनी यांच्यात अंशाच्या दहाव्या भागाइतकेच अंतर दिसत होते. इतके निकट ते १६२३ नंतर आले नव्हते. वस्तुतः तेव्हाही त्यांच्यामध्ये सुमारे ७३ कोटी किलोमीटरचे अंतर होते. ती जवळीक आपल्या दृष्टिरेषेची होती. दर वीस वर्षांच्या सुमारास हे दोन ग्रह असे भेटतातच.

याचा अर्थ ज्योतिष त्याज्य आहे, असा नव्हे. ते वेदाचे नेत्र मानले आहे. नेत्राचे कार्य मार्ग दाखविणे, भिवविणे नव्हे. १९६२ मधील जप व्यर्थ गेला, असेही कोण म्हणेल? तथापि भयापोटी घेतलेले नाम भय सरताच सुटते. प्रेमाने घेतलेले नाम शेवटच्या श्वासापर्यंत सोबत करते.

म्हणून त्या सद्गृहस्थांना, आणि अशा प्रत्येक पुत्राला, इतकेच सांगणे आहे: आपल्या मातोश्रींनी उत्तरायण गमावले नाही. ज्यांचे चित्त जन्मभर नारायणाकडे वळलेले होते, त्यांचे अयन कधीच साधले होते. शल्य काढून टाका. संक्रांतीस प्रयागी स्नान घडो वा घरच्या विहिरीवर. तीळगूळ वाटा, थंडीने कुडकुडणाऱ्यास पांघरूण द्या, मातोश्रींच्या नावे आठवा अध्याय वाचा. दुःखी घरी सांत्वनास जाल, तेव्हा तिथीचा हिशेब मांडू नका. भगवंताच्या दयेची आठवण द्या. सूर्य वर्षातून एकदाच उत्तरेकडे वळतो. मन मात्र या क्षणीही वळविता येते.

श्रीकृष्णार्पणमस्तु.