ऐकू आलं नाही, म्हणजे केलं नाही का?



गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. आपल्या इंदूरच्या एका ताईंकडे चार घरी सत्संगाचा निरोप द्यायची सेवा होती. दोन घरची मंडळी आली नाहीत. मी लगेच दुसरीला म्हटलं, "त्या निरोप देतच नाहीत." बोलणं पसरलं. नंतर कळलं, निरोप गेला होता. एका घरी आजारपण होतं, दुसरे गावाला गेले होते.

माझी भाची संगणकशास्त्रात शिकते. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडेही हाच प्रश्न आहे." पुरात, भूकंपात टॉवर बंद पडले, तरी फोन आणि लॅपटॉप आपसांत जोडून जाळं उभं करता येतं. एकाचा संदेश दुसरा पुढे देतो, दुसऱ्याचा तिसरा. वर कोणी साहेब नाही, सगळं शेजाऱ्याच्या भरवशावर. पण एखादं यंत्र बॅटरी वाचवायला किंवा मुद्दाम संदेश गिळून टाकतं. ते ओळखायचं कसं?

2000 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'वॉचडॉग' ही युक्ती मांडली. शेजाऱ्याला संदेश दिला की तो पुढे पाठवतो का, हे कान देऊन ऐकायचं. पण त्याच क्षणी दुसरा संदेश येऊन आदळला, तर त्याने पाठवूनही आपल्याला ऐकू येत नाही! म्हणून एका चुकीवर दोषी धरायचं नाही. ठरावीक संख्या ओलांडली तरच.

आता खरा प्रश्न. आपलं मत इतरांना सांगावं का? 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी वाईट अनुभव मित्रयंत्रांना कळवायची पद्धत सुचवली. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी उलटा नियम केला. दुसऱ्याबद्दल फक्त चांगलंच कळवायचं, वाईट मत ज्याने त्याने स्वतःच्या अनुभवावरून बनवायचं. कारण खोटी निंदा करून चांगल्या यंत्रालाही वाळीत टाकता येतं.

तुम्ही म्हणाल, मग दोष दिसला तरी गप्प बसायचं? तसं नाही. गप्प बसलं तर पुढचा फसतो. स्वित्झर्लंडच्या मंडळींनी पुढे आपली पद्धत सुधारली. ऐकीव गोष्ट स्वतःच्या अनुभवाशी जुळली तरच धरायची, तीही थोडीच. आणि जुना दोष काळाबरोबर पुसट होऊ द्यायचा, म्हणजे सुधारलेल्याला परत यायला वाट राहते. मला हे फार पटलं. आपण मात्र वीस वर्षांपूर्वीची गोष्टसुद्धा ताजी ठेवतो!

मी त्या ताईंकडे जाऊन माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी मला विचारलं असतंत तर?"

यंत्राला नुसतं कान देऊन ऐकता येतं. आपल्याला तर विचारता येतं, फोन हातातच असतो. तेवढंही मी केलं नाही.

माझं ते बोलणं ज्यांच्यापर्यंत पोचलं असेल, त्यांनी कृपया हेही वाचावं. ताईंनी निरोप दिला होता. हे मात्र नक्की पुढे पाठवा.

आपली एक सेवेकरी 🙏