ॲक्टन यांच्या चिठ्ठ्या

सावकाश वाचा. घाई कसलीच नाही.

केंब्रिज विद्यापीठाचं ग्रंथालय मनासमोर आणा. लॉर्ड ॲक्टन यांचे कागद तिथे आहेत. 1895 मध्ये ते केंब्रिजला आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि 1902 मध्ये वारले. जन्मभर वाचत राहिले, पण हयातीत इतिहासाचा एकही ग्रंथ हातून लिहून झाला नाही. स्वातंत्र्याचा इतिहास लिहायचा होता, तो राहूनच गेला. मागे उरल्या टिपणांच्या चिठ्ठ्या, हजारोंनी.

त्यातली एक मनानंच हातात घ्या. तिच्यावर बहुधा दुसऱ्याच कुणाचं वाक्य उतरवून घेतलेलं असेल. मग यात ॲक्टन कुठे आहेत? उत्तराची घाई करू नका. त्यांच्या संग्रहात सुमारे 60,000 ग्रंथ होते. एवढ्या वाचनातून नेमकं हेच वाक्य उतरवून ठेवावंसं वाटलं. ॲक्टन सापडतील ते तिथे.

आता तिच्या शेजारची चिठ्ठी. ही तिच्यालगतच का? अभिलेखागारातली जाणती माणसं मूळ क्रम मोडत नाहीत, ते या प्रश्नासाठी. गंजलेली टाचणी ती हलक्या हातानं काढतात, पण टाचणीनं जोडलेल्या पानांची ताटातूट होऊ देत नाहीत. असा गठ्ठा ‘नीट लावायला’ घेणारा हौशी हात मला वाळवीहून घातक वाटतो.

पुढे 1906 आणि 1910 मध्ये ॲक्टन यांची व्याख्यानं पुस्तकरूपानं आली. छापील पान सलग वाचून होतं. शिकवण्याचे कागद तसे नसतात. कोणाही शिक्षकाचे घ्या : खोडलेली ओळ, समासात घुसवलेला दाखला, तास संपत आला म्हणून गाळलेला परिच्छेद. त्या खोडलेल्या ओळीपाशी थांबा. समोर बसलेल्या मुलांना हे सांगायला नको, असं त्या दिवशी का वाटलं असेल? कळलं नाही तर नाही. पुढे जायची गडबड नको.

आणि कागदावर कधी आलंच नाही, तेही आठवा. मागच्या बाकावरून आलेली शंका, तिला दिलेलं ऐनवेळचं उत्तर. ते कुठे असलंच, तर विद्यार्थ्यांच्या वह्यांत. प्राध्यापकांचे कागद मागायला जाताना विद्यापीठांनी त्या वह्याही मागाव्यात. रद्दीत आधी त्याच जातात.