मास्तर कोणाच्या वाट्याला?

ज्या शिक्षकासमोर चार वर्ग आहेत आणि ज्याचा जीव एकच आहे, त्याने तो जीव आधी कोणाला द्यावा? द्विशिक्षकी शाळेतला मास्तर हा प्रश्न रोज सकाळी प्रार्थना संपता संपता मनातल्या मनात सोडवीत असतो. ज्याचा हात आधी वर जातो त्याच्याकडे पाय वळतात, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला न्याय म्हणता येत नाही.

आता या शाळेत यंत्र आले आहे. थोडे मास्तरांनी शिकवावे, थोडे पडद्याने, याला सरकारी भाषेत 'मिश्र अध्ययन' म्हणतात. दिवाळीला आलेल्या भाच्यांच्या हातातला फोन पाहून आपण रागावतो खरे. पण यंत्राला नाके मुरडणारा मी नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्रमिक पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ते ठिपक्यांचे चौकोन राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले, आणि 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी निम्मी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटण्याचे जाहीर केले. ते वाटणे मला त्या चौकोनांहूनही मोठे वाटते.

आमचे करमाड जालना रस्त्यावरचे. इथे आगगाडी थांबते, फोन लागतो. पण आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणवरून पुढे जाणारी गोदावरी राज्याच्या पार टोकाला, शिरोंच्याला, प्राणहितेला भेटते. तिथे पलीकडचा काठ तेलंगणाचा, आणि अलीकडच्या घरांतूनही तेलुगू ऐकू येते. वर भामरागडकडे मूल माडिया बोलत शाळेत येते, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावांचा रस्ताच तुटतो. अशा ठिकाणी पडद्यावरची प्रमाण मराठी म्हणजे मुलाला आणखी एक नदी. हे आम्हां मराठवाड्यातल्यांना तरी परके वाटू नये. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात शाळेची भाषा उर्दू होती आणि घरची मराठी. मुलाचे डोळे कोऱ्या पाटीसारखे झालेले पाहून मास्तर थांबतो, घरचा शब्द शोधतो. पडदा थांबत नाही. त्याला कोणी समोर आहे हेच ठाऊक नसते.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागे, फोनवर धडे येत. त्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या खेड्यातल्या मुलाने वर्ग पाहिला तो 1 डिसेंबर 2021 नंतर, दुसरीत गेल्यावर. त्या काळात एक युक्तिवाद वारंवार ऐकला: ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना तरी शिकवू या. यात खोटे काही नाही. दहांना उपाशी ठेवल्याने इतर दहांचे पोट भरत नाही. पण त्याला एक शेपूट असते: उरलेल्यांपर्यंत ते हळूहळू पोहोचेलच. तिथे मात्र मी अडतो. वरच्यांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल, हे इंग्रज सरकारचे तत्त्व होते. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले ते याच्याविरुद्ध. रयतेच्या कराच्या पैशावर वरचे शिकतात आणि रयतेची मुले निरक्षर राहतात, असे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितले. झिरपणारे पाणी वाटेतच मुरते, हे कोणाही शेतकऱ्याला माहीत असते.

मग माझ्यापुरता निवाडा मी असा करतो. फोन जिथे पोहोचतो तिथे धडा फोनने जावा. मास्तराचे पाय जावेत ते फोन नाही तिथे, आणि आधी तिथे.

पण एवढ्याने सुटका होत नाही. उद्या एखादा बाप उभा राहील आणि म्हणेल, "गुरुजी, पोटाला चिमटा घेऊन मी फोन घेतला. म्हणून माझ्या पोराच्या वाट्याला काच, आणि ज्याने घेतला नाही त्याच्या पोराच्या वाट्याला तुम्ही?"

या प्रश्नापुढे सगळे परिपत्रक गळून पडते. कालपर्यंत फोन हे वैभव होते. या माणसाने एका वाक्यात दाखवून दिले की खरे वैभव शेजारी येऊन बसणारा माणूस आहे. त्याला हेवा वाटतो तो योग्य वस्तूचा. गणिताची रीत पडदा सांगू शकेल, कदाचित माझ्याहून सुबकही सांगेल. पण वजाबाकीत हातचा कुठे हरवला, हे वहीवर बोट ठेवून विचारायला माणूस लागतो, आणि तो फोनवाल्या मुलालाही लागतो.

तेव्हा त्या बापाला मी म्हणेन, "ज्याच्याकडे काही नाही त्याच्याजवळ मी तासभर बसेन, तुमच्या मुलाजवळ पाव तास. पण त्या पाव तासात शिकवणार नाही. फक्त त्याची वही पाहीन, आणि त्याला बोलू देईन."

त्याचे समाधान होईल असे मला वाटत नाही. पाव तास आणि तास यांतला फरक त्याला कळतो. त्याने पुन्हा यावे, आणि पुन्हा विचारावे.